धंतोलीतलं न्यूरो फिजिओ सेंटर : आईच्या डाव्या हाताचे सात महिने

सात महिने झाले आम्ही आईला लकव्यासाठी ह्या सेंटरला आणून राहिलो, म्हणून आता लिहिते. दोन-चार सेशन करून रिव्ह्यू टाकायचा नव्हता कारण ह्या आजारात दोन-चार सेशनमध्ये काहीच कळत नाही, आणि आम्ही स्वतः असेच घाईघाईत लिहिलेले रिव्ह्यू वाचून आधी दुसरीकडे गेलो होतो. लांब होईल थोडं, पण ज्यांच्या घरी लकव्याचा पेशंट आहे ते पूर्ण वाचतील हे मला माहीत आहे, मी पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत असंच वाचत बसायची.

आई माझी ६१ वर्षांची, आम्ही नागपूरच्या लालगंजचे. तीस वर्षं झाली ती लांब रोटी करते, ऑर्डरवर, लग्नाच्या, तेरवीच्या, सावजी मटणाच्या पार्ट्यांच्या. नागपूरच्या माणसाला सांगायला नको पण बाहेरचे कोणी वाचत असतील तर सांगते, लोकवन गव्हाची एकदम सैल कणीक परातीत आपटून आपटून रबरासारखी करायची, मग तो गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. दोन्ही हात सारखे चालले पाहिजेत, एक हात मागे राहिला की रोटी फाटली. हे मुद्दाम सांगून राहिले, पुढे ह्याचा संबंध येतो.

मागच्या वर्षी मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मोठी मिरवणूक निघते तेव्हा, सकाळी आई उठली तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि डावा हात नुसता लोंबत होता. रात्री झोपताना एकदम चांगली होती. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच, की शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलं? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागते, आणि आमच्याकडे सांगायला वेळच नव्हती, झोपेत कधी झालं कोणाला माहीत. वरून त्या दिवशी मिरवणुकीमुळे आमच्याकडचे सगळे रस्ते जाम, ऑटोवाल्या भाऊनं गल्लीगल्लीतून काढलं आम्हाला. ते इंजेक्शन नाही मिळालं. म्हणून कोणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळून राहिलं, तर घड्याळ पाहा आणि लगेच १०८ लावा, लिंबूपाणी देत बसू नका.

नऊ दिवस दवाखाना. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, त्यामुळे डावी बाजू गेलेली. सुट्टी देताना कागदावर एक ओळ, फिजिओथेरपी सुरू ठेवा. कोणती, कुठे, किती, काही नाही. नातेवाईकांचे सल्ले तर विचारूच नका, कोणी म्हणे राजस्थानात बुटाटीला न्या, कोणी म्हणे कबुतराचं रक्त चोळा, आणि आम्ही घाबरलेलो असल्यामुळे प्रत्येकाचं ऐकून घेत होतो.

आधी घराजवळच्या एका ठिकाणी पाच आठवडे नेलं. नाव घेत नाही. तिथे रोज आईला पलंगावर झोपवायचे, हाताला-पायाला करंटचे पॅड लावायचे, वीस मिनिटं शेक, मग एक मुलगा येऊन हात वर-खाली दहा वेळा करून द्यायचा आणि झालं. आई छताकडे पाहत पडून राहायची. पाच आठवड्यांत तिनं स्वतःहून एक बोट हलवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, कारण कोणी तिला करायला सांगितलंच नाही. आणि त्याहून वाईट, उठवताना तिला डाव्या दंडाला धरून ओढायचे. आम्हीही घरी तेच करून राहिलो होतो, आम्हाला वाटे हाच बरोबर प्रकार असेल.

मग वहिनीच्या ऑफिसमधल्या एका ताईनं ह्या सेंटरचं नाव सांगितलं. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं आता मशीन लावतील. मशीनला हातच लावला नाही. मोठ्या मॅडमनी, त्यांचं एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची मास्टर डिग्री, न्यूरोमध्येच (मेंदू-नसांच्या आजारांत) आहे, सव्वा तास नुसती तपासणी केली. डोळे मिटून कोणत्या बोटाला हात लावला सांगा, अंगठा वर आहे की खाली सांगा, बिनाआधाराच्या स्टुलावर बसा, वळून मागे पाहा. तोल मोजायची एक परीक्षा असते, बर्ग बॅलन्स स्केल म्हणतात, त्यात १४ कामं असतात आणि प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ५६. आईला ११ मिळाले. मॅडमनी तो आकडा आईच्या समोर आईलाच सांगितला, आम्हाला बाजूला नेऊन नाही. म्हणाल्या काकू, हा आजचा आहे, सहा आठवड्यांनी परत पेपर घेईन.

त्यांनी एक प्रश्न विचारला, जो तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. काकू जेवतात कशा? आम्ही म्हटलं जेवण चांगलं आहे पण लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं तसंच टाकून देते, चव गेली असेल बहुतेक. मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, ताटाची डावी बाजू आहे ना ती? मग समजावलं, की मेंदूच्या उजव्या भागाला मार लागला की काही पेशंटना डावी बाजू आहे हेच जाणवत नाही, नजर चांगली असते पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही, इंग्रजीत निग्लेक्ट म्हणतात. घरी येऊन ताट अर्धं फिरवून दिलं तर आईनं कोशिंबीर खाल्ली आणि भाजी टाकली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडली त्या दिवशी. दीड महिना आम्ही तिच्याशी उजव्या बाजूला बसूनच बोलत होतो, टीव्ही उजवीकडे, खिडकी उजवीकडे, पलंगाची डावी बाजू भिंतीला. डावीकडे तिच्यासाठी काही ठेवलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी दादानं पलंग फिरवला. मॅडमनी सांगितलं तसं सगळे डावीकडून यायला लागलो, डावीकडून पाणी द्यायचं, डाव्या हाताला स्पर्श करून मग बोलायचं, ताटाच्या डाव्या कडेला लाल टेप, आणि जेवताना टेप दिसेपर्यंत मान फिरवायची. हे व्यायामात मोडतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. महिनाभरानं आई स्वतःच म्हणाली, चटणीत मीठ कमी आहे. बाबांना इतका आनंद झाला की ते ती गोष्ट शेजारी सांगून आले.

दुसरी गोष्ट खांदा. मॅडमनी आईच्या डाव्या खांद्यावर माझं बोट ठेवायला लावलं, तिथे एक बोट जाईल इतकी खाच पडली होती. हाताला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनानंच सांधा खाली सरकतो, आणि आपण त्याच हाताला धरून ओढतो. इथे पहिल्या आठवड्यात आईपेक्षा जास्त ट्रेनिंग आमचं झालं. उठवायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, उशी कुठे, बसल्यावर हात टेबलावर ठेवायचा, लोंबू द्यायचा नाही. बाबांनी तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगायला सुरुवात केली, हाताला धरून उठवू नका जी. मला विचाराल तर घरच्यांना असं शिकवणं हेच ह्या सेंटरचं सगळ्यात मोठं काम आहे, कारण पेशंट सेंटरमध्ये पाऊण तास असतो आणि उरलेले सव्वातेवीस तास आपल्याजवळ.

तिसरं, तो बॉल. प्रत्येक जण सांगत होता स्माइलीचा बॉल दाबायला द्या, आम्ही तीन आणून ठेवले होते. मॅडम म्हणाल्या काकूंची मूठ आधीच घट्ट होऊन राहिली आहे, मिटायची ताकद येते आहे, अडचण उघडायची आहे, दाबायचा सराव देऊन काय करणार? करंट इथेही आहे, तो वाईट नाही, पण इथे करंट मनगट उचलणाऱ्या स्नायूला लावतात आणि तो चालू असतानाच आईनं स्वतः हात उघडून ग्लास सोडायचा असतो. झोपून घ्यायचा करंट आणि काम करता करता घ्यायचा करंट ह्यात किती फरक आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि मोजणी! दहा वेळा केलं, झालं, असं इथे नाही. एक हालचाल शेकड्यानं करायची. वाटीतले चिंचोके एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, घरी सकाळी शंभर संध्याकाळी शंभर, वहीत लिहायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, काहून एवढे? मॅडम म्हणाल्या, काकू, मारबतीच्या दिवशी मोठा रस्ता बंद होता तर तुमचा ऑटो गल्लीतून आला ना, मेंदूचंही तसंच आहे, पण एका खेपेत गल्ली पक्की होत नाही, रोज जावं लागते. आईला ते पटलं. सुरुवातीचे तीन ते सहा महिने सुधारणा जास्त वेगानं होते, नंतरही होत राहते पण हळू. म्हणून मला त्या पहिल्या पाच आठवड्यांचं आजही वाईट वाटते.

चौथ्या महिन्यात मनगट आणि बोटं थोडी हलायला लागली तेव्हा वेगळाच प्रकार केला, चांगल्या उजव्या हातात जाड मोजा घालून तो बंद आणि सगळी कामं डाव्यानं. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं ही पद्धत काढली, आधी माकडांवर काम केलं होतं. त्याचं म्हणणं असं की हात वापरता येत नाही म्हणून आपण वापरणं सोडतो, आणि सोडून दिल्यामुळे जे येऊ शकलं असतं तेही जाते. आईला फार राग यायचा त्या मोज्याचा. पंधरा दिवस घरात रोज भांडण, चहाचा कप दोनदा सांडला, पण तिसऱ्या आठवड्यात तिनं डाव्या हातानं दाराची कडी लावली, न सांगता. हे प्रत्येकाला चालत नाही, थोडी तरी हालचाल आलेली लागते, तेव्हा वाचून घरी सुरू करू नका.

चालण्याचं थोडक्यात सांगते. आधी पॅरलल बार (दोन्ही बाजूंना धरायचे दांडे), मग चौपाई काठी, पाऊल खाली पडायचं म्हणून पायाला स्प्लिंट, आणि घरातली स्लिपर बंद, मागे पट्टा असलेली सँडल. सहा आठवड्यांनी बर्गचे मार्क २७ झाले, आता ४४ आहेत. मॅडम म्हणतात मार्क ४५ पेक्षा कमी असले की पडण्याची भीती जास्त धरतात, तर एक मार्क राहिला. आई देवासमोर तेच मागून राहिली बहुतेक, कारण परवा टेकडीच्या गणपतीला जायचं म्हणाली आणि लगेच म्हणाली, ४५ झाले की.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. आई कोणीही आलं की रडायची, हसायच्या गोष्टीवर पण रडायची, थांबायचंच नाही. आम्हाला वाटे मन कच्चं झालं. मॅडमनी सांगितलं हे मेंदूच्या आजाराचाच भाग असू शकते, न्यूरोलॉजिस्टना नक्की सांगा. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि बराच फरक पडला. दिवसभर थकवा हाही आजाराचाच भाग, आळस नाही.

इथे येणारे बाकीचे पेशंट पाहून पण खूप शिकायला मिळते. एक रिटायर्ड गुरुजी आहेत, पार्किन्सनचे, चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. त्यांच्यासाठी फरशीवर एकेका पावलावर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत, पट्टी ओलांडायची म्हटलं की तेच पाय सरळ उचलतात, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. एक कॉलेजची मुलगी जीबीएसची आहे, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाते, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात रुग्ण वाढले तेव्हा हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. तिच्या बाबतीत उलट, तिला जास्त करू देत नाहीत, नसा सावरत असताना दमवायचं नाही म्हणतात. म्हणजे शंभर चिंचोके आईसाठी बरोबर आणि तिच्यासाठी चूक. एकच व्यायामाचा कागद झेरॉक्स करून सगळ्यांना देणारं ठिकाण असेल तर तिथून निघून यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जे आवडलं नाही ते. सेंटर पहिल्या माळ्यावर आहे आणि लिफ्ट इतकी लहान की व्हीलचेअरचे फूटरेस्ट काढल्याशिवाय आत जात नाही, न्यूरोच्या पेशंटसाठी हे फारच चुकीचं आहे आणि मी तिथे लेखी दिलं आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा एकाच बाजूला, तोही डाव्या. दिवाळीच्या सुमारास ज्युनिअर बदलले तेव्हा नवीन मुलानं फाइल न वाचता आईला बॉल दाबायला दिला, आठवडाभर. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी स्वतः लक्ष घातलं पण आपण सांगेपर्यंत कळलं नाही हे खरं. सोमवारी गर्दी असते, पाऊण तासाचं सेशन अर्ध्या तासात गुंडाळतात. स्पीच थेरपी नाही, ज्यांचं बोलणं गेलं आहे त्यांना वेगळं ठिकाण पाहावं लागेल. पार्किंगचं तर धंतोलीत सगळ्यांनाच माहीत आहे.

फी एका सेशनचे ६०० रुपये, महिन्याचे एकदम भरले तर थोडे कमी. सुरुवातीला आठवड्यात सहा दिवस होते, आता तीन. आमच्या मेडिक्लेममध्ये ह्यातलं काहीच मिळालं नाही. बाबांची पेन्शन आणि दादाचा पगार मिळून कसंतरी जमवलं. ज्यांना जमत नाही त्यांनी घरी बसू नये, मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीचा विभाग आहे आणि खर्च फारच कमी येतो, आमच्या गल्लीतले एक काकाजी तिथेच जाऊन आता सायकल ढकलत दुकानापर्यंत जातात. एवढंच पाहा की शिकवणारा माणूस पेशंटला हात लावून काम करून घेतो का, आणि तुम्हाला समजावतो का.

जानेवारीत एक वाईट प्रसंग झाला. आईला बरं वाटायला लागलं तशी ती कोणाला न सांगता चुलीजवळ गेली, आणि डाव्या हाताची दोन बोटं गरम मडक्याला लागली. तिला कळलंच नाही. वास आल्यावर वहिनी धावली. हालचाल आली म्हणजे स्पर्श आणि चटका कळायला लागला असं नसते, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, आम्ही घरातल्या घरात विसरलो. फोड बरे व्हायला तीन आठवडे गेले आणि आई म्हणाली आता मी काही रोटी करत नाही, विकून टाका मडकं.

त्यावर मॅडमनी काय केलं तर सांगितलं, ते मडकं इथे घेऊन या. विकलं नव्हतंच. दादानं ते कापडात बांधून मेट्रोतून नेलं, अग्रसेन चौकातून बसून सीताबर्डीला बदलून काँग्रेस नगर. सेंटरमध्ये टेबलावर पालथं घातलं, थंडगार, आणि कणकेच्या जागी ओला सुती टॉवेल. तो दोन्ही हातांवर घ्यायचा, लांबवायचा, डावा कोपर उजव्याइतकाच वर उचलायचा आणि मडक्यावर टाकायचा. प्रत्येक वेळी आधी डाव्या हाताकडे पाहायचं, मडक्यापासून किती लांब आहे ते तोंडानं म्हणायचं. मॅडमना स्वतःला लांब रोटी येत नाही, त्या आईला विचारून राहिल्या होत्या काकू आधी कोणता हात, मनगट कधी वळते, आणि आई सांगून राहिली होती, अहो असं नाही बाई, मनगट सैल सोडा. तिथले चार पेशंट व्यायाम थांबवून पाहत होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा आई कोणाला तरी काही शिकवत होती.

मागच्या आठवड्यापासून टॉवेलच्या जागी खरी कणीक आली. ती अजून वहिनी मळून देते, आपटायचं काम आई उजव्यानं करते आणि डाव्यानं परात धरते. मडकं थंडच आहे. दहातल्या सहा रोट्या फाटतात, नेहमी डावीकडूनच. चूल कधी पेटवायची ते मॅडम ठरवतील, आईला तसं कबूल करायला लावलं आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा लिफ्टसाठी कापला. जाणार असाल तर सकाळी आठचा स्लॉट मागा, तेव्हा मोठ्या मॅडम स्वतः असतात आणि आता ऊन तापायला लागलं तर पेशंटला दुपारी काढूच नका. सीटी-एमआरआयचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी न्या. पेशंट दिवसभर घरात काय करतो, कसा जेवतो, कोणत्या बाजूला पाहतो ते दोन दिवस बघून लिहून न्या, आणि तो आधी कोणतं काम हातानं करायचा ते नक्की सांगा.